देवाचा ब्रेक

"हात वर! पाय वर! आता बघा कोण थांबवतो गाडी!"

जुन्या गाड्या विकणारा कमळाकर शेठ भोंग्यात ओरडला आणि उल्हासनगरच्या कॅम्प चारमागचं मैदान चिडीचूप झालं. उतारावर पांढरी फियाट उभी होती. ड्रायव्हर सीटवर मांडी घालून, हात जोडून बसलेला. त्याच्या डाव्या बाजूला थांबेश्वर महाराज. भगवी कफनी पार तळापर्यंत पसरलेली, मांडीवर नारळ आणि गालात पान. उताराच्या तळाशी खुंटीला एक बोकड बांधला होता.

चेल्याने चाकाखालचा दगड ओढला. गाडी घरंगळली. बायकांनी डोळ्यांवर पदर घेतले, बोकडाने दोर ताणून ताणून मान लाल केली. त्याच्या नाकापुढे वीतभर अंतरावर गाडी कचकन थांबली.

"ड्रायव्हरचे पाय बघा! आणि आता ब्रेक बघा!" शेठने उजवं दार उघडलं. ड्रायव्हरची मांडी तशीच होती आणि खाली ब्रेकचं पायडल आपोआप दबलेलं होतं. कुणाचा पाय नाही, काही नाही!

पाया पडायला लोकांनी महाराजांच्या बाजूने रांग लावली. त्या रांगेत सोनिवलीची सुंदराबाई सगळ्यांच्या पुढे.

ही बाई दुसरीतून शाळा सोडलेली, पण तिच्या तोंडाला अख्खी सोनिवली वचकून असे. बिल्डरच्या माणसाला तिने अंगणातून चपलेने हाकललेलं लोकांनी बघितलं होतं. तिचा नवरा अंबरनाथ एमआयडीसीच्या वळणावर टँकरखाली गेला होता. आता नव्वद सालानंतर गावात इमारती उठल्या, शेत गेलं, आणि हिरामण, तिचा एकुलता एक, गाडीसाठी हटून बसला. सुंदराबाईने एकच अट घातली होती : "घे, पन मानूस मारनार नाय आशी घे."

आणि ही गाडी तर साक्षात तशीच!

महाराज पान चघळत म्हणाले, "आई, या गाडीत देवाचा पाय बसलाय. संकट आलं की आपला पाय उचलायचा, हात जोडायचे. माणसाचा पाय लागला की देवाचा पाय निघतो. आणि परीक्षा घ्यायची नाही. परीक्षा घेतली की ब्रेक उठून गेला!"

"माताजी, टेन्शन लेने का नाही," शेठने चावी पुढे केली. "असा सेफ्टी माल अख्ख्या मार्केटमध्ये नाही."

हिरामणची बायको कुंदा झेडपीच्या शाळेत शिकवायची. ती हळूच म्हणाली, "आई, एकदा आपण स्वतः उतारावर बघू या का?"

"देवाची परीक्षा घेतंस?" सुंदराबाई फणकारली. "शालेतली पोरं कमी पडली काय गो तुला?"

झालं. गाडी घरी आली, हार चढला, चाकाखाली लिंबू फुटलं.

आठवडाही उलटला नाही. हिरामण आईला शेजारी आणि बायकोला मागे बसवून बारवी धरणाच्या रस्त्याने उतरत होता. वळणावर डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेला माणूस आडवा आला. वाडीवरचा बारकू. हिरामणचा पाय ब्रेकवर गेलाच होता.

"पाय काढ!" सुंदराबाई किंचाळली. "हात जोड! देव थांबवील!"

त्याने पाय काढला. हात जोडले. गाडी सरळ बारकूवर गेली.

मोळी काचेवर आदळून फुटली. बारकू बंपरखाली, त्याचा एक पाय चाकात. गाडी त्याला फरफटवत बाभळीवर जाऊन आपटली. सुंदराबाईचं कपाळ फुटलं आणि ती सीटवरून खाली, पायांच्या जागी कोंबली गेली. डोळ्यांत रक्त उतरलं होतं. तेवढ्यात वाडीवरची माणसं धावत आली. त्यांनी हिरामणला कॉलर धरून बाहेर ओढलं आणि त्याच मोळीतल्या लाकडांनी झोडायला सुरुवात केली. हाताचं हाड मोडल्याचा आवाज तिने आतून ऐकला. सरपटत जाऊन ती लेकाच्या अंगावर पडली. दोन दांडके तिच्या पाठीतही बसले.

बारकूची बायको तानी नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ती हिरामणकडे बघत एकच विचारत होती, "बिरेक का नाय मारलास रं? बिरेक का नाय मारलास?"

"देव मारनार होता," हिरामण रडत म्हणाला.

मारणाऱ्यांचे हातसुद्धा क्षणभर थांबले.

बारकूचा पाय गुडघ्यापासून कापावा लागला. कपाळाच्या टाक्यांसकट सुंदराबाई शेठच्या दुकानात जाऊन उभी राहिली. शेठने खुर्चीतून न उठता विचारलं, "घरात कुणी मासळी खाऊन गाडीत बसलं होतं?"

"आमच्या घरात मासली रोज शिजते."

"मग! विटाळला ना ब्रेक."

"मासलीनं ब्रेक विटालतो, तर कोलीवाड्यात गाड्या दोरीनं वढतात काय रं, मेल्या?"

घरी येऊन तिने कुंदाला मोडक्या गाडीशी नेलं. "मी खाली पडले तवा गालाला कायतरी रुतलं. डाव्या अंगाला. बघ."

कुंदाने चटई उचलली. पत्र्यात दोन भोकं आणि मधे ताजी कापलेली लोखंडी सळई. ती सळई आतल्या आत उजवीकडे, थेट ड्रायव्हरच्या ब्रेकपर्यंत गेली होती. कुंदाने सळईच्या कापलेल्या टोकावर बोट फिरवलं. अंबरनाथला मोटार क्लासमध्ये गाडी शिकताना सरांच्या पायाखाली तिने अशाच सळईवरचं जादा पायडल रोज बघितलं होतं. "आई, ही शिकवायची गाडी. शिकणारा चुकला तर शेजारी बसलेला मास्तर ब्रेक मारतो. त्याने दाबलं की ड्रायव्हरच्या बाजूचंही पायडल दबतं. विकताना यांनी डावं कापून घेतलं."

"म्हंजे देव कफनीखाली होता," सुंदराबाई म्हणाली. मग उजवीकडच्या पायडलकडे बोट करून : "आनि आपला ब्रेक?"

"तो धड होता, आई. नुसता दाबायचा होता."

रविवारी मैदानात तशीच दुसरी फियाट उभी होती, आत तोच ड्रायव्हर आणि तेच महाराज. या खेपेला गिऱ्हाईक शिकलेलं होतं. गुरुदत्त, अंबरनाथच्या कंपनीतला ऑफिसर. आणि बोकडाच्या जागी पाटावर त्याची चिमुकली राही! "घरातलं लेकरू बसलं की ब्रेक त्या घराण्याचा होतो," महाराज सांगत होते.

सुंदराबाई गर्दी कापत आली. हात गळ्यात बांधलेला हिरामण आणि कुंदा मागे. तिने राहीला उचलून बापाच्या अंगावर जवळजवळ फेकलं आणि स्वतः पाटावर बसली.

"सोड गाडी! पन महाराज, तुमचेबी पाय वर घ्या. सीटवर मांडी घाला."

"माझा पाय हलला तर ब्रह्मांड हलेल!"

"हलू दे. दिवालीला तसंपन घर हलवून झाडायचं असतंच."

लोक हसले. गुरुदत्तचा चेहरा उतरला होता. तो म्हणाला, "महाराज, माझी मुलगी बसली होती इथे. घ्या पाय वर."

गर्दीच ओरडू लागली तसे महाराज मांडी घालून बसले. कुणीतरी दगड ओढला.

गाडी सुटली. सुंदराबाई जागची हलली नाही. महाराजांनी डोळे मिटले. आणि रोज देवाचा चमत्कार जवळून बघणाऱ्या त्या ड्रायव्हरने "मरेल ना बाई!" म्हणून बोंब ठोकली आणि दोन्ही पाय खाली टाकून ब्रेक मारला. बंपर तिच्या गुडघ्याला लागून थांबला.

"बघा रं!" ती तिथूनच ओरडली. "ह्याचाच देवावर भरोसा नाय!"

कुंदाने डावं दार उघडून कफनी वर केली. खाली काळं, झिजून चकचकीत झालेलं दुसरं पायडल होतं. तिने ते हाताने दाबलं. पलीकडचं पायडल आपोआप खाली गेलं.

मग जे उसळलं ते भयानक होतं. महाराजांना दाढीला धरून खेचलं, शेठच्या डोक्यात भोंगा घातला. मघाशी पाया पडणारेच लाथा घालत होते. हिरामणने चाकाखालचा दगड चांगल्या हाताने उचलला, महाराजांच्या टाळक्यावर धरला. सुंदराबाईने त्याचं मनगट पकडलं.

"टाक! मारू नका! ह्यो मेला तर उद्या लोक बोलतील, महाराजाला मारला म्हनून गाव बुडालं. जिता ठेवा त्याला. पोलिसांपुढं पायडल दाबून दाखवंल."

"आये, बारकूचा पाय—"

"बारकूचा पाय ह्यानं एकट्यानं नाय तोडला. पाय काढ आसं मी बोलले. सुनेनं तपासू या सांगितलं, तिचं तोंड मी बंद केलं. मघाशी न बघता पाया पडलात, आता न बघता मारताव. कदी बघनार? देव मानायचा त्यानं घरी दिवा लावावा. पन गाडीत बसलात की पाय ब्रेकवर ठेवा. आनि जो कुनी बोलंल की तपासू नका, त्याचंच आदी तपासा."

दगड खाली पडला. मारणारे बाजूला झाले. आधी गुरुदत्त, मग एक म्हातारी, मग बाकीचे, असे एकेक जण डाव्या दाराशी येऊन वाकू लागले. हात आत घालून पायडल दाबायचं, पलीकडचं दबलेलं बघायचं, आणि मागच्याला जागा द्यायची.