माझी पहाटेची खुळखुळ

मी एक जुनी पांढरी मोटार आहे. विचुंब्यात दिनानाथ यांच्या अंगणात, शेवग्याच्या झाडाखाली माझा मुक्काम असतो. मित्रांनो, कारखान्यातून निघाले तेव्हा माझा आवाज कानाला गोड लागायचा. मग तळोज्याच्या एका साहेबांनी मला दहा वर्षं खड्ड्यांतून पिटाळलं. नव्वद साली दिनानाथनी मला घरी आणलं. त्यांच्या बायकोने, जिजाबाईंनी, चाकांना हळदकुंकू लावलं. त्यांची लेक रूपा मागच्या सीटवर ऐटीत बसली नि म्हणाली, "बाबा, मी सासरी याच गाडीतून जानार!" त्या दिवशी मला कोण आनंद झाला!

चार वर्षांनी रूपाचं लग्न ठरलं. सासर बेलपाड्याचं, मुहूर्त माघातला. आणि नेमकी त्याच हिवाळ्यात माझ्या डॅशबोर्डमधल्या कप्प्याच्या झाकणाला खुळखुळ लागली. भल्या सकाळी बेलपाड्याला गेलो, तर व्याही हसत म्हणाले, "दिनानाथशेट, तुमच्या आधी तुमच्या गारीचा आवाज येतो!" बिचाऱ्या दिनानाथांचा चेहराच पडला.

ते मला पनवेलला शिवा मेस्त्रीकडे नेत. पण त्याचं गॅरेज उघडायचं अकराला. तोवर मी उन्हात तापायची, प्लास्टिक फुगायचं, झाकण घट्ट बसायचं आणि मी चिडीचूप! ओरडून सांगावंसं वाटे, पण खुळखुळण्यापलीकडे मला भाषा कुठली? तिसऱ्या खेपेला शिवा म्हणाला, "काका, गारीला काय नाय झाला. तुमचे कान दाखवा डॉक्टरला."

दिनानाथ भडकले. "हिला भंगारात देऊ. लग्नाला भाड्याची गारी आनू." रूपा रुसली, जेवलीच नाही. मला तर धडकीच भरली.

जिजाबाईंचं तरुणपण मिठागरावर गेलेलं. त्या म्हणाल्या, "अवो, आगरावरच्या खोपीचा पत्र्याचा दार सकालच्या थंडीत खडखडायचा, उन्हात गप बसायचा. ही बी तशीच हाय. शिवाला सकालीच बोलवा."

दुसऱ्या दिवशी शिवा कानटोपी घालून, डोळे चोळत आला. दिनानाथनी मला गावाबाहेर पिटाळलं आणि मी मन लावून खुळखुळले. इतक्या आनंदाने आयुष्यात कधी खुळखुळले नव्हते! शिवा एकेक जागा तळव्याने दाबत गेला. झाकणावर हात पडला नि आवाज बंद. त्याने सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून झाकणाच्या कडेला चिकटवली. म्हणाला, "काका, कान माझेच दाखवायला पायजेत!"

माघातल्या गारठ्यात, झेंडूच्या माळा मिरवत, मीच रूपाला बेलपाड्याला नेलं. वाटभर तिच्या हिरव्या चुड्याचा तेवढा आवाज होता. दिनानाथ गाडी चालवता चालवता डोळे पुसत होते.

आता मी थकले आहे. पट्टी झिजली की पुन्हा खुळखुळते. मग जिजाबाई झाकणावर हात ठेवून विचारतात, "थंडी वाजते काय गो?" मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी जुनं कुरकुरत असेल, तर त्याला भंगारात काढण्याआधी एकदा पहाटे उठून त्याच्याजवळ बसा.