हात लावल्याशिवाय

मी जात्याच तापट, त्यात परीक्षा आठ दिवसांवर आलेली. १९७८ साल. मुंबईच्या कॉलेजात फिजिओथेरपीचं शेवटचं वर्ष, आणि अभ्यासाच्या सुट्टीत दापोडीच्या आमच्या खोलीत उजळणीला माणूस एकच, माझे बाबा. भीमराज त्यांचं नाव, चिंचवडच्या एका कंपनीत पत्रा ठोकायच्या प्रेसवर कामाला. माल उतरवताना उजव्या खांद्यावर पेटी पडली, म्हणून महिनाभर घरी होते. कंपनीच्या डॉक्टरनं फिट लिहून दिलं होतं, सोमवारी परत मशीनवर उभं राहायचं होतं.

"हात बाजूनं वर करा," मी म्हटलं. त्यांनी केला. पण अख्खं अंग डावीकडं कललं आणि खांदा कानाला भिडला. माझ्या वहीत पहिल्याच पानावर लिहिलंय, पाठीचा खवाटा, म्हणजे खांद्यामागचं पसरट हाड, धरून मगच हात तपासायचा, नाहीतर अंग फसवतं. मी खवाटा दाबून धरला. "आता करा." हात वीतभर गेला आणि थांबला.

प्रेसमधून उजव्या हातानं जॉब, म्हणजे ठोकलेला तुकडा, काढायचा, लगेच वरून ठोका येतो. हात मागं राहिला तर बोटं गेलीच.

"डॉक्टरनं धरून नाही बघितलं?"

"ते कशाला धरतील? खुर्चीतूनच म्हणाले, वर कर. केला मी."

"सगळ्यांना असंच बघतात?"

"सोपानराव फोरमनचं मनगट दाबून बघत होते. आपलं आडनाव वाचलं की लांबूनच पेन्सिलीनं दाखवतात."

बावीस वर्षांपूर्वी आम्ही बौद्ध झालो, आडनाव तेवढं जुनंच राहिलं. माझं डोकंच फिरलं. मी प्रेतांना हात लावून शिकले, आणि ह्या शिकल्यासवरल्या माणसाला जित्या माणसाचा विटाळ! वर बाबा मलाच समजावतात, "जाऊ दे पोरी, फिट लिहिलंय ना त्यांनी." स्वतःच्या खांद्यापेक्षा त्यांचा त्या कागदावर भरवसा. त्याचा तर मला जास्तच संताप आला.

शनिवारी त्यांना घेऊन कंपनीच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर खुर्चीतून हलला नाही.

"सर, खवाटा धरून बघा," मी म्हटलं.

"शिकतेस ना तू? मग तूच धर."

मी धरला. बाबांनी दात आवळले, कपाळाला घाम फुटला, पण हात वीतभरच. डॉक्टरनं बघितलं, 'फिट' खोडलं, 'प्रेसवर नको, हलकं काम द्यावं' असं लिहिलं आणि कागद टेबलावरून सरकवला.

बाहेर आल्यावर बाबा खुशीत होते. मला मात्र रस्त्यातच रडू फुटलं.

"अगं, झालं ना तुझ्या मनासारखं? बोटं वाचली माझी."

"कुठं झालं, बाबा? त्यानं हात लावलाच नाही."