चिमीच्या ऑपरेशनचे पैसे

चिमीच्या हृदयाची एक झडप जन्मापासूनच अधू होती, आणि नवव्या वर्षी ती पार थकली. दोन जिने चढली की पोरीचे ओठ जांभळे पडायचे. तिच्या आईचं इस्त्रीचं दुकान होतं, नवऱ्याला जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि घरात तिसरं माणूस म्हणजे सासूबाई. डॉक्टरांनी साडेतीन लाखांचा आकडा सांगितला तेव्हा इस्त्रीवालीने तो दोनदा विचारून घेतला, जणू दुसऱ्यांदा विचारल्यावर तो कमी होणार होता.

पैसे उभे केले ते चर्चच्या फादरांनी. हसतमुख, गप्पिष्ट माणूस. कुणाच्या घरी गेले तर आधी स्वयंपाकघरात डोकावायचे आणि मग देवाचं नाव काढायचे. तीन रविवार त्यांनी चिमीसाठी वेगळी पेटी फिरवली, प्रवचनात लोकांना हसवलं, रडवलं. एका आजींनी भर मिस्सात, प्रार्थना चालू असताना, कानातले काढून पेटीत टाकले. तिसऱ्या रविवारी फादरांनी जाहीर केलं, रक्कम पूर्ण झाली आहे, चर्चच्या खात्यात ठेवली आहे. इस्त्रीवाली पहिल्या बाकावर बसून इतकी रडली की सासूबाईंनी तिला कोपर मारलं.

ऑपरेशन पंधरा तारखेला ठरलं. निम्मे पैसे सात तारखेच्या आत भरायचे होते. महिनाभर आधीपासून ती चर्चच्या ऑफिसात जाऊ लागली. पहिल्यांदा फादर म्हणाले, पुढच्या आठवड्यात. दुसऱ्यांदा चेकबुक संपलं होतं. तिसऱ्यांदा ते घाईत होते. चौथ्यांदा ते ऑफिसात असूनही नव्हते. त्यांच्या चपला दाराबाहेर होत्या आणि आत कुणीतरी हळू खोकत होतं.

एक तारखेला ती हॉस्पिटलच्या खिडकीपाशी गेली. आतल्या कारकुनाने कागद पाहिला.

"सातपर्यंत भरले नाहीत तर तारीख जाईल, बाई. पुढची चार महिन्यांनी."

"चार महिने चालेल का तिला?"

"ते डॉक्टर सांगतील," कारकून म्हणाला, आणि तिच्याकडे न बघता त्याने कागद परत सरकवला. डॉक्टरांनी जे सांगितलं त्यात 'नाही' हा शब्द नव्हता, पण अर्थ तोच होता.

दुसऱ्या दिवशी तिने दुकान उघडलंच नाही. सकाळच्या मिस्सानंतर ती फादरांच्या मागोमाग ऑफिसात शिरली आणि दार लावून दाराला पाठ टेकून उभी राहिली.

"पैसे द्या, फादर. नाहीतर मी इथून हलणार नाही."

फादर बसले. बराच वेळ टेबलावरची पेन्सिल बोटांत फिरवत राहिले. मग त्यांचा चेहरा एकदम विरघळला आणि ते रडू लागले. मोठ्या माणसाचं ते रडणं बघून तिला क्षणभर त्यांचीच दया आली.

"माझ्या भावाचा ट्रकांचा धंदा बुडत होता," ते म्हणाले. "सावकार घरात शिरले होते. मी म्हटलं, दोन महिन्यांपुरते देतो. तो परत करणार होता. करेल. तुम्ही मला थोडा वेळ द्या. आणि बाई, कुणाला बोलू नका. लोकांचा विश्वास उडेल."

"किती दिले?"

त्यांनी रुमालाने डोळे पुसले.

"सगळे?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली. ती कशी बाहेर आली, कुठल्या रस्त्याने चालली, तिला नंतर आठवलं नाही. पाय तिला नळवाल्या काकांच्या घरी घेऊन गेले.

नळवाले काका चर्चच्या समितीत होते. गल्लीतल्या निम्म्या घरांचे नळ त्यांनीच बसवलेले. नवरा गेला तेव्हा दुकानाचं भाडं कमी करून घेण्यासाठी मालकाशी भांडले होते तेही हेच. तिचं बोलणं ऐकता ऐकता त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"खात्यावर दोन सह्या लागतात, पोरी," ते म्हणाले. "एक फादरांची, एक माझी. फादर म्हणायचे, तुम्ही कामावर असता, कुठे शोधायचं तुम्हाला, दहा चेकांवर सह्या करून ठेवा. मी ठेवल्या. पवित्र माणूस, मी काय विचारणार?"

शनिवारी दोघं बँकेत गेले. खात्यात अकराशे चाळीस शिल्लक होते. चिमीचे पैसे तर गेलेच होते, पण गळक्या छपरासाठी वर्षभर जमवलेलेही गेले होते. काकांनी बँकेने दिलेला शिलकीचा कागद चार घड्या करून खिशात ठेवला.

"उद्या मी बोलतो," ते म्हणाले. "माझ्या सह्यांचंही सांगतो. जे व्हायचं ते होऊ दे."

"मी आधी उभी राहते," ती म्हणाली. "मुलगी माझी आहे."

रविवारी मिस्साच्या शेवटी सूचना वाचून झाल्या आणि ती उठली. पहिलं वाक्य इतकं हळू निघालं की तिलाच ऐकू आलं नाही. मग तिने पुन्हा सांगितलं, सरळ: चिमीचे पैसे खात्यात नाहीत, फादरांनी ते भावाला दिले, त्यांनी स्वतः मला सांगितलं. चर्चभर कुजबुज उसळली. कुणीतरी मागून म्हणालं, "खाली बसा." दुसरी एक बाई म्हणाली, "लोकांचे पैसे घेताना लाज नाही वाटली, आता फादरांवर आळ?" फादर वेदीपाशी मान खाली घालून उभे होते, आणि ती खाली घातलेली मान लोकांना अपराधाची नाही, सोसण्याची वाटली. मग काका उठले. त्यांनी बँकेचा कागद वाचला, आपल्या कोऱ्या सह्यांचं सांगितलं. कुजबुज थांबली; तिच्या जागी जे आलं ते जास्त वाईट होतं. लोक त्या दोघांना वाट देत बाजूला होऊ लागले.

घरी सासूबाई म्हणाल्या, "देवाच्या माणसाशी वाकडं घेतलंस. आता पोरीचं काय ते देवच बघेल." चिमी गादीवर पडून दोघींकडे बघत होती.

सोमवारी बिशपांचे सचिव घरी आले. तरुण, स्वच्छ, मृदू बोलणारे. त्यांनी चिमीची चौकशी केली, तिच्या वहीतली चित्रं पाहिली, आणि मग बॅगेतून दोन कागद काढले.

"बिशपांना फार वाईट वाटलं," ते म्हणाले. "ऑपरेशनचा सगळा खर्च आम्ही करतो. निम्मे उद्याच हॉस्पिटलात भरतो, उरलेले पुढच्या सोमवारी. नंतर वर्षभर औषधंही."

तिने दुसऱ्या कागदाकडे बोट दाखवलं.

"हे एक निवेदन. रविवारी तुम्ही वाचायचं. तुमचा गैरसमज झाला, समितीच्या हिशेबात गफलत होती, फादरांचा दोष नाही, एवढंच."

"समितीच्या म्हणजे काकांच्या?"

"नाव कुणाचंच नाही त्यात."

"फादर माझ्यासमोर बोलले. स्वतःच्या तोंडाने."

"बाई," सचिव हळूच म्हणाले, "मी तुम्हाला खोटं ठरवायला आलेलो नाही. मला फक्त एवढंच माहीत आहे की सात तारीख परवा आहे."

तिने चिमीकडे पाहिलं. पोर झोपली होती आणि झोपेतही धापा टाकत होती. इस्त्रीवालीने पेन मागितलं.

काकांना आधी सांगायला हवं होतं. ती त्यांच्या घरी दोनदा गेली. दोन्ही वेळा काका कामावर होते. ते त्या वेळी घरी नसतात हे तिला ठाऊक होतं. काकूंना ती म्हणाली, "सहज आले होते."

रविवारी तिने निवेदन वाचलं. अक्षरं मोठी छापलेली होती, तरी ती दोनदा अडखळली. काका तिसऱ्या बाकावर होते. 'समितीच्या हिशेबातील गफलत' हे शब्द आले तेव्हा त्यांनी वर पाहिलं. रागाने नाही. नळ कुठून गळतो ते शोधताना ते जसे बघायचे, तसे. मग ते खाली बघू लागले आणि मिस्सा संपेपर्यंत तसेच राहिले. बाहेर लोकांनी तिच्या पाठीवर हात ठेवले. मागच्या आठवड्यात ओरडलेली बाई म्हणाली, "चुका होतात, ताई. खरा चोर कोण ते आम्हाला कळलं."

ऑपरेशन पाच तास चाललं आणि ठीक झालं. तिसऱ्या दिवशी चिमीचे ओठ गुलाबी दिसले, आणि इस्त्रीवाली हॉस्पिटलच्या बाथरूममध्ये जाऊन तोंडात पदर कोंबून रडली. आनंदाने की कशाने, तिला सांगता आलं नसतं. महिन्याभरात फादरांची बदली झाली. निरोपाला लोकांनी त्यांना शाल दिली. काकांना समितीतून काढलं. पोलिसांत कुणी गेलं नाही, कारण गेलं असतं तर सगळंच उघडं पडलं असतं. पण काकांची घरोघरची कामं बंद झाली. घरात एकटी बाई असताना पैशांचा डाग लागलेल्या माणसाला कोण आत घेणार?

चिमी पुन्हा शाळेत जाऊ लागल्यावर एका दुपारी इस्त्रीवाली काकांच्या दाराशी गेली. या वेळी ते घरी असणार हे तिला माहीत होतं. दार त्यांनीच उघडलं. दाढी वाढली होती.

"कशी आहे मुलगी तुमची?" त्यांनी विचारलं.

इतकी वर्षं ते तिला 'तू' म्हणत आले होते. तिला वाटलं, त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बरी आहे. काका, मी परत उभी राहते. खरं सांगते सगळ्यांना."

"आणि औषधं?"

तिने पदराचं टोक मुठीत धरलं.

"कुणाला सांगणार?" काका म्हणाले. "ज्यांना ऐकायचं होतं त्यांनी पहिल्याच रविवारी ऐकलं. उरलेल्यांना तुमचा कागद आवडला." त्यांनी दाराची कडी हातात धरली. "मी तुमच्या जागी असतो तर मीही वाचला असता. हे मी रोज स्वतःला सांगतो. अजून पटत नाही. तेव्हा तुम्ही येत जाऊ नका."

त्यांनी दार लावलं, आपटलं नाही. ती जिन्यात कठडा धरून उभी राहिली. आत काकू काहीतरी विचारत होत्या आणि काका म्हणत होते, "कुणी नाही, चुकून आल्या होत्या." चिमीला शाळेतून आणायची वेळ होत आली होती. ती सावकाश जिना उतरू लागली.