खंडेनवमीची काच

सांगायला लाज वाटते, पण खंडेनवमीच्या सकाळी मी बनुबाईंवर अशी ओरडले की अख्खा मजला दारात गोळा झाला. बनुबाई म्हणजे आमच्या कराडच्या कॉलेजात झाडूपोछा करणाऱ्या.

कारणही तसंच होतं. दुपारी तीनला माझे प्रोजेक्टचे सर माझं काम बघणार होते. आज जमलं नाही तर प्रोजेक्ट बंद, असं त्यांनी तोंडावर सांगितलेलं. आणि या बाईनं माझ्याच मखमलीनं माझ्या थर दिलेल्या सहा काचा पूजेसाठी चक्क पुसून ठेवलेल्या! वर मायक्रोस्कोपला हळदीकुंकू.

"हत्यारं न पुसता पुजायची व्हय, उत्कर्षाताई?"

"अहो, ही काय कुऱ्हाड आहे? पुन्हा माझ्या काचेला हात लावायचा नाही, कळलं?"

त्यांनी मखमल घडी करून टेबलावर ठेवली. बादली उचलून निघून गेल्या.

माझं काम द्रव स्फटिकांवर, मोबाइलच्या पडद्यात असतात ते. त्यांचे कण काडीसारखे लांबट. काचेवर प्लॅस्टिकचा पातळ थर द्यायचा, मखमलीनं घासायचा. ज्या दिशेनं घासाल त्या दिशेनं ते आपोआप ओळीत झोपतात. मला ते एका बिंदूभोवती गोल हवे होते. आठ महिने यंत्रावर घासत होते आणि दर वेळी मधला बिंदू फुटून दोन व्हायचे. दोन म्हणजे काम फुकट.

एक वाजला. नव्या काचांवर थर दिला होता, पण तो तीनच्या आत वाळणार नव्हता. शेवटी म्हटलं, गेलं खड्ड्यात, आणि त्याच पुसलेल्या एका काचेवर थेंब सोडून मायक्रोस्कोपला डोळा लावला.

काळी फुली, म्हणजे कण गोल बसलेले, आणि मधोमध एकच बिंदू! दहा मिनिटं बघत बसले, फुटेचना.

तीनला सरांनी पाहिलं. "छान. आता माझ्यासमोर दुसरी कर. एक काच म्हणजे योगायोग."

मी तोवर थर वाळलेली एक कोरी काच घेतली, यंत्रावर घासली. दोन बिंदू. पुन्हा घासली. दोनच. यंत्र बिघडलंय असं सांगून मोकळं व्हावं, असं अगदी जिभेवर आलं होतं.

"सर, ती पहिली काच बनुबाईंनी पुसलेली आहे."

"कोण बनुबाई?"

आठ वर्षं सरांची केबिन पुसणारी बाई दारातच उभी होती. मी बोलावलं तर हलेना. "ताई म्हनल्या, हात लावायचा न्हाई."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. सरांदेखत म्हणाले, "बनुबाई, माझं चुकलं. लय चुकलं. या ना."

त्या आल्या. मखमलीखाली अंगठा दुसऱ्या कोऱ्या काचेच्या मधोमध रोवला आणि बोटं त्याभोवती सावकाश फिरवली. "आमच्या देव्हाऱ्यातला बिरोबाचा चांदीचा टाक असाच पुसत्यात. मधी दाब, कडंला हलकं. घाई करायची न्हाई."

मी थेंब सोडला. सर बराच वेळ वाकून होते.

"एकच आहे. प्रोजेक्ट चालू ठेव," ते म्हणाले आणि आपली खुर्ची बनुबाईंकडे सरकवली. "बसा. तुम्हीही बघा."

बनुबाईंनी एक डोळा मिटून पाहिलं. मग माझ्याकडे वळल्या.

"येवढ्याशा ठिपक्यापायी माझ्यावर वरडलीस व्हय गं, पोरी?"