गोणपाटातली चाचणी

जळकोटच्या शिवप्रियाला वेबसाइट बनवायला शिकायचं होतं आणि घरात कॉम्प्युटर एकच. त्यात तिच्या वडलांची, अप्पांची, एकतीस भजनं होती, तिनंच रेकॉर्ड केलेली. अप्पा जाऊन दोन वर्षं झाली. त्यांचा आवाज तेवढा तिथं उरला होता, दुसरीकडं कुठंच न्हाय. दुसरी प्रत काढायची म्हणता म्हणता राहूनच गेलं. माणसाचं असंच असतं बघा, उद्या करू, परवा करू.

क्लासमधल्या मल्हारनं पेनड्राइव्ह दिला. वेबसाइटला लागणारं सगळं सामान एकाच फाइलीत. ती उघडली तर पहिलंच फर्मान, अँटिव्हायरस बंद करा. शिवप्रिया लई घायकुती पोर. बोट माउसवर गेलंच होतं.

बाजूला तिची आई महानंदा, घरातली अव्वा, सोयाबीनचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळत होती. पेरणीआधी दरसालचं हे ठरलेलं. उगवण बघितल्याबिगर बियाणं रानात जायचं न्हाय, मग पिशवीवर कायबी छापलेलं असू द्या.

"काय करायलीस गं?"

शिवप्रियानं सांगितलं.

"राखणीचं कुत्रं बांधा म्हणणारा पाव्हणा कसला गं?" अव्वा म्हणाली. "त्यात तुझे अप्पा हायत. आदी गोणपाटात घालून बघ की."

शिवप्रियाला हसू आलं, मग लाज वाटली. तिनं भजनं बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवली आणि डिस्क काढून कपाटात ठेवली. मग सॉफ्टवेअरनं कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा नकली कॉम्प्युटर उभा केला, इंटरनेट तोडलेला, खऱ्या फाइली न दिसणारा. चाचणीपुरतं एका भजनाची प्रत त्यात टाकली आणि मल्हारची फाइल तिथं चालवली.

चार दिवस सगळं गोड चाललं. पाचव्या सकाळी अव्वानं गोणपाट उलगडलं. शंभरात चव्वेचाळीस कोंब.

"हे न्हाय पेरायचं," ती म्हणाली.

त्याच सकाळी नकली कॉम्प्युटरमधलं भजन उघडेना. मल्हारच्या फाइलीत लपलेल्या व्हायरसनं त्याला कुलूप घातलं होतं.

शिवप्रियानं मल्हारला फोन करून सावध केलं, नकली कॉम्प्युटर पुसून टाकला. खरं भजन शाबूत असणार हे कळत होतं, तरी जीव थाऱ्यावर येईना. भीतभीतच तिनं ते लावलं.

आधी अप्पांचा खोकला आला. मग त्यांनी विचारलं, "चालू झालं का गं, शिवे?"

अव्वा गोणपाट हातात धरून तशीच बसली होती.

"सांग की, झालं म्हून," ती म्हणाली. "वाट बघायलेत ते."