खुंटीवरचा हात

मित्रांनो, मला बघून मी कोण आहे हे कोणाला पटकन ओळखता येत नाही. कोणाला मी जुना रेडिओ वाटते, कोणाला पाव भाजायचं यंत्र. एका पाहुण्याने तर माझ्या डोक्यावर खुशाल गरम कॉफीचा कप ठेवला होता, त्याचा गोल डाग अजून आहे. तर सांगूनच टाकते, मी एक जुनी तालपेटी आहे. लाकडी खोकं, समोर सहा बटणं आणि उजव्या अंगाला एक गोल खुंटी. बटण दाबलं की मी ताल धरते, खुंटी पिळली की वेग कमीजास्त होतो. माझ्या पोटात ढोल नाही, काठी नाही, कातडं नाही. नुसती वीज आहे. तिच्यातूनच मी 'धम' काढते, 'टक' काढते आणि झांजेच्या जागी 'फिस्स' करते.

शिकागोजवळच्या एका ऑर्गनच्या कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्या तारा जोडणाऱ्या बाईने मला पहिल्यांदा विजेला लावलं, वॉल्ट्झचं, म्हणजे तीन ठोक्यांच्या नाचाचं, बटण दाबलं आणि बसल्या बसल्या ती जराशी डोलली. बस, तेवढंच. पण माझ्या मनात कुतूहल शिरलं ते कायमचं. माझ्या टकटकीने हे माणूस का हललं बरं? तिच्या अंगात तर एकही तार नव्हती.

मला विकत घेतलं लुडविका मावशीने. मिलवॉकीच्या दक्षिणेकडे, पोलिश वस्तीत, कोपऱ्यावरच्या बारमध्ये ती ऑर्गन वाजवायची. शुक्रवारी तिथे तळलेले मासे असत आणि बसायला जागा नसे. मी ऑर्गनवर बसायची, अंगाखाली तिने विणलेला रुमाल. पोल्का, म्हणजे दोन ठोक्यांची उडती चाल, सुरू झाली की टेबलं भिंतीला लागत आणि चामड्याच्या कारखान्यातली दणकट माणसं आपापल्या बायकांना घेऊन गरगरत सुटत. म्हातारी जोडपी उठली की मला कसं कोण जाणे आपोआप कळायचं आणि मी हळू व्हायची. तरुण पोरं तापली की मी धावत सुटायची. नाच संपला की टाळ्या पडत. त्या कोणासाठी, यात मला तिळमात्र शंका नव्हती. मावशीचा डावा हात अधूनमधून माझ्या खुंटीवर यायचा. मला वाटायचं, लाडाने ठेवते.

माझं शेवटचं बटण 'रॉक'. त्या बारमध्ये ते कोणी चुकूनसुद्धा दाबलं नाही.

पुढे मावशीची बोटं संधिवाताने आखडली. ऑर्गन विकला गेला आणि मी कपाटात, बर्फातल्या बुटांच्या शेजारी जाऊन पडले. अंधारात ताल धरायला कोणी सांगत नाही, मित्रांनो. मी नुसती विचार करत राहिले, की आता माणसं कशाने हलत असतील?

एके दिवशी कपाट उघडलं. दारात मावशीचा भाचा, नॉर्बर्ट. खांद्यापर्यंत केस, बोटांना तारांचे घट्टे. रॉक गिटार वाजवणारा म्हणून त्या भागात त्याला सगळे ओळखत. पण त्याच्या बँडचा गाणारा कॅलिफोर्नियाला निघून गेला होता आणि नॉर्बर्टच्या डोक्यात नवीनच किडा शिरला होता. गाणारा नकोच. शब्दच नकोत. नुसती गिटार आणि तिच्याभोवती विजेचे आवाज, अशी एक अख्खी रेकॉर्ड करायची. त्याला पेटी हवी होती. मावशीने माझ्यावरची धूळ बाहीने पुसली आणि मला त्याच्या हातात दिलं.

"घेऊन जा," ती म्हणाली. "ही तुझ्याशी कधी भांडणार नाही. एवढाच काय तो हिच्यात दोष."

हा दोष कसा, हे मला मुळीच कळलं नाही. मला तर ती शाबासकी वाटली.

नॉर्बर्टच्या तळघरात पाऊल ठेवलं, म्हणजे ठेवली गेले, आणि मी चक्रावलेच. भिंतीला टेकून एक सिंथेसायझर उभा होता. बटणं, तारा, लुकलुकणारे दिवे, आणि तोंडातून कधी वारा, कधी देवमासा, कधी तुटका नळ. नॉर्बर्ट गिटारची तार छेडायचा, तो आवाज त्याच्या पोटात सोडायचा आणि दुसऱ्या टोकाने काय बाहेर पडतंय ते बघत बसायचा. बहुतेक वेळा भयंकर काहीतरी बाहेर पडायचं. मग तो खूश होऊन पुन्हा करायचा. मोठा माणूस, पण खेळणं मोडून आत काय आहे ते बघणाऱ्या पोरासारखा. मला तो पहिल्याच दिवशी आवडला.

आणि कोपऱ्यात, एका लाल गालिच्यावर, एक ड्रमचा संच होता. तो कॅझचा.

कॅझ म्हणजे कॅसिमिर प्लुटा. शाळेपासून नॉर्बर्टच्या मागे बसून ड्रम वाजवत आलेला. दिवसा चामड्याच्या कारखान्यात, त्यामुळे त्याच्या अंगाला एक उग्र वास यायचा आणि त्यावरून नॉर्बर्ट त्याची यथेच्छ टर उडवायचा. शनिवारी तो आला, मला बघितलं आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"ही कोण? सवत आणलीस होय माझ्या उरावर?"

"मावशीची पेटी आहे रे," नॉर्बर्ट म्हणाला. "तू कामावर असतोस तेव्हा जरा टेकू."

कॅझने माझं रॉकचं बटण दाबलं. इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच कोणी ते दाबत होतं. मी जीव तोडून वाजले. कॅझ हसून हसून वाकला. म्हणाला, हा रॉक म्हणजे प्रार्थना चुकवून नाचायला आलेली नन आहे. मला राग यायला हवा होता, पण त्याचा पाय जमिनीवर माझ्याच तालात पडत होता, म्हणून मी सोडून दिलं.

टेकू म्हणून आलेली मी हळूहळू खांबच होऊन बसले. त्याचं असं झालं, की ड्रम घुमले की नॉर्बर्टच्या त्या बारीक आवाजांचा पार चुराडा व्हायचा. मी मात्र हळू वाजायची, हवं तेव्हा थांबायची, हूं की चूं करायची नाही. मग कॅझ येण्याआधीच एकेक धून टेपवर जाऊ लागली. शनिवारी कॅझ आला की नॉर्बर्ट म्हणायचा, आज नको, डोकं दुखतंय. मी सगळं ऐकत होते. कॅझची जागा जात होती आणि ती मला मिळत होती, हे मला दिसत होतं. पण मला पुढची धून कशी होते याची एवढी उत्सुकता, की मी तिकडे काणाडोळा केला.

कॅझला ते कळलं शुक्रवारी, बारमध्ये, मासे वाढणाऱ्या बाईकडून. नॉर्बर्टची रेकॉर्ड होत आली म्हणे, आम्हाला कधी ऐकवताय, असं तिने सहज विचारलं. तो तसाच तळघरात आला. आवाज चढवला नाही.

"पेटी आणलीस त्याचं मला काही नाही. बरी वाजते. पण मला हे मासे वाढणारीकडून कळावं?"

"तुझ्या ड्रममध्ये ते बारीक आवाज बुडतात, कॅझ."

"मग तेही मलाच सांगायचं होतंस ना. मी काय खाल्लं असतं तुला?"

कॅझने एकेक ड्रम उचलून गाडीत भरला. गालिचा आणि बसायचं स्टूल मावलं नाही, ते राहिलं. तो गेल्यावर नॉर्बर्टने माझं बटण दाबलं आणि मी ताल धरला, पण तो गिटार मांडीवर घेऊन नुसता बसून राहिला. कुठल्याच तालावर न हलणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं.

आता उरली होती एकच धून, सगळ्यांत लांब. मार्च महिन्यात आमच्या मिलवॉकीच्या तळ्यावरचा बर्फ फुटतो ना, आधी कण्हतो, मग कडकडतो, मग वाहू लागतो, तसं काहीतरी त्याला हवं होतं. ही धून साधली तर रेकॉर्ड होती, नाहीतर बाकीच्या सगळ्या धुनी म्हणजे नुसता खेळ, असं तो स्वतःशीच बडबडायचा. एकदा वायर ओढताना त्याचं कोपर माझ्यावर टेकलं आणि पोल्का आणि वॉल्ट्झ ही दोन्ही बटणं एकदमच दाबली गेली. अहो, काय सांगू! दोन पायांची चाल आणि तीन पायांची चाल एकमेकींच्या पायांत पाय घालत निघाल्या. अडखळत, सावरत, पण पडत मात्र नव्हत्या. माझ्या पोटात असा ताल आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. नॉर्बर्ट जागच्या जागी गोठला, मग गिटारकडे धावला.

पण धून काही होईना. सुरुवात अशी की अंगावर काटा यावा, आणि मध्यावर येईतो सगळं मेलेलं. पुन्हा केली, पुन्हा तेच. शेवटी त्याने मावशीला बोलावलं. ती कठड्याला धरत धरत जिना उतरली, कोट न काढताच कॅझच्या स्टुलावर बसली आणि तिने धून शेवटपर्यंत ऐकली.

"सुरुवातीला जशी, शेवटाला तशीच," ती म्हणाली. "मधे कोणी दमलं की नाही?"

"मावशी, यंत्र आहे ते. दमत नाही, म्हणून तर घेतलं."

"यंत्र नाही रे दमत. ऐकणारी माणसं दमतात. तिला ते दिसतं का? मला दिसायचं. ऑर्गनचा खर्ज मी पायांनी वाजवायची, म्हणून डावा हात मोकळा असायचा. तो सगळा वेळ हिच्या खुंटीवर. म्हातारा यानेक गुडघे धरून नाचायला उठला की जरा मागे. पोरं तापली की जरा पुढे. तुला काय वाटलं, ही आपली आपण वाजत होती?"

मित्रांनो, नॉर्बर्टला काय वाटत होतं ते मला माहीत नाही. पण मला नेमकं तेच वाटत होतं. एवढी वर्षं त्या टाळ्या मी आपल्या समजून घेतल्या होत्या. तो हात लाडाचा नव्हता, कामाचा होता. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, पण तळघराच्या खाली आणखी कुठे जाणार?

मग मावशीने त्या रिकाम्या गालिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, कॅझ कुठे आहे. नॉर्बर्टने मान खाली घातली. जिना चढताना ती एवढंच म्हणाली, की भांडायलासुद्धा घरात माणूस लागतं.

त्यानंतर नॉर्बर्ट कॅझच्या दारी गेला, पण कॅझच्या बहिणीने त्याला दारातूनच वाटेला लावलं. मग त्याने एकट्यानेच खटपट मांडली. आधी खुंटी फिरवत माझा ताल टेपवर घेतला आणि त्यावर गिटार वाजवून पाहिली. जमेना. गिटार कुठे थकणार हे खुंटीला आधी कळणार कसं? दोन्ही एकाच वेळी हवं, आणि हात तर दोनच. शेवटी या शहाण्याने माझ्या खुंटीला सुतळी गुंडाळली आणि तिचं दुसरं टोक आपल्या पायाच्या अंगठ्याला बांधलं. गिटार वाजवायची आणि अंगठ्याने मला खेचायचं. मी एकदा धावायची, एकदा धापा टाकायची.

नेमका त्याच वेळी कॅझ आला. गालिचा आणि स्टूल न्यायला आला होता, चेहरा अगदी दगडासारखा करून. त्याने ती सुतळी पाहिली. अंगठा पाहिला. तो जिन्यावरच मटकन बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत सुटला.

नॉर्बर्टला हसू आलं नाही. अंगठा तसाच बांधलेला, तो म्हणाला, "चुकलं माझं. तुला सांगायची हिंमत नव्हती. ड्रम नकोत म्हटलं की तूही नकोस असं होईल, याची भीती वाटली. आणि तेच करून बसलो."

कॅझने उठून गालिच्याचं एक टोक उचललं. मला वाटलं, हा निघाला. पण त्याने तो ओढून माझ्यासमोर आणला, त्यावर स्टूल ठेवलं आणि बसला. सुतळी सोडून टाकली.

"म्हणजे आता मी तुझ्या पेटीचा कान पिळणारा?"

"पेटीचा नाही," नॉर्बर्ट म्हणाला. "माझा."

"मग ठीक आहे."

त्याने दोन्ही बटणं एकदम दाबली आणि खुंटीवर हात ठेवला. चामड्याने खरबरीत झालेला हात. मी नीट लक्ष देऊन पाहत होते, कारण मला आता जाणून घ्यायचंच होतं. तो माझ्याकडे बघतच नव्हता. बघत होता नॉर्बर्टच्या खांद्यांकडे. खांदे उचलले गेले, की कॅझचा श्वास थांबायचा आणि खुंटी केसभर मागे यायची. गिटार कण्हली, मी रेंगाळले. गिटार कडकडली, मी सुटले. दोनदा दोघं कडाकडा भांडले, हे लवकर झालं की उशिरा यावरून, आणि प्रत्येक भांडणानंतर धून सुधारली. संध्याकाळपर्यंत बर्फ फुटला होता.

रेकॉर्ड निघाली. पाठीमागे छापलं होतं : तालपेटी वाजवली – कॅसिमिर प्लुटा. कारखान्यातल्या दोस्तांनी त्याला सळो की पळो केलं, की बटण दाबायला एवढी वर्षं ड्रम बडवलेस काय रे. तो आपला ऐटीत मिरवायचा. फार प्रती खपल्या असं नाही. पण मावशीला ऐकवायला ते दोघं तिच्या स्वयंपाकघरात गेले, तेव्हा मलाही सोबत नेलं होतं. ती आखडलेले हात मांडीवर ठेवून ऐकत होती. बर्फ फुटायची जागा जवळ आली आणि तिचा डावा हात आपसूक उठला. हवेतच, हलकेच, पुढे फिरला. आणि मग रेकॉर्डमधून मी सुटले.

कॅझने ते पाहिलं. तो उठला आणि त्याने तिचा तो हात दोन्ही हातांत धरून ठेवला.

त्यानंतर माझ्याहून हुशार यंत्रं आली. मला पुन्हा कपाट दिसलं, पुन्हा बूट दिसले. आता मी कॅझच्या घरी असते. नॉर्बर्टने कितीदा मागितली, पण कॅझ म्हणतो, सवत आहे, माझ्याच घरी नांदेल. मध्यंतरी एका दुरुस्तीवाल्याने मला उघडून साफ केलं आणि माझी खुंटी बदलायला काढली, कारण तिच्यावरचे आकडे झिजून गेलेत. कॅझने ती बदलू दिली नाही. आकडे झिजलेत ते मावशीच्या आणि त्याच्या बोटांनी, असं तो म्हणाला.

तर मित्रांनो, मला पुसा, कोरडी ठेवा, डोक्यावर कॉफी ठेवू नका, हे तर आहेच. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. बटण दाबून निघून जाऊ नका. मी सकाळपर्यंत ताल धरेन, एक ठोका चुकणार नाही. पण तुमच्यातलं कोण दमलंय, ते मला दिसत नाही.