शंभरातले एकशे बारा

बादल्यांच्या कारखान्यात तिला सगळे मोजणीबाई म्हणत. टेबलावरच्या पाटीवर याहून बराच लांब हुद्दा होता, पण तो वाचून होईपर्यंत माणूस आपण कशाला आलो होतो तेच विसरायचा. काम मात्र सरळ होतं. एक बादली जन्माला येऊन कचऱ्यात जाईपर्यंत किती तेल पिते, किती वीज खाते आणि हवेत किती धूर सोडते, ते मोजून कागदावर मांडायचं. या आकड्याला कार्यालयात 'पाऊलखूण' म्हणत. मागच्या चुराघरातल्या मावशींनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला, तेव्हा हातातली बादली उलटी करून तिचं बूड नीट निरखलं होतं.

"पाय कुठं आहेत हिला?"

"नसतात मावशी. ते आपलं बोलायचं म्हणून."

"मग ठीक. मला वाटलं नवीन साचा आला."

नवीन प्लास्टिकऐवजी जुनं वितळवून वापरलं की पाऊलखूण लहान होते. म्हणजे जुन्याची टक्केवारी जितकी जास्त, तितकी बादली गुणी. कारखान्याच्या अहवालात ही टक्केवारी एकशे बारा होती.

आकडा मोजणीबाई येण्याआधीपासून वाढत वाढत तिथं पोचला होता. सूत्र जुनं होतं, संगणक काही कुरकुरत नव्हता, आणि आठ महिन्यांपूर्वी रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तिनं त्याखाली सही केली होती. नवीन सून जशी पहिल्या दिवशी मिठाचा डबा कुठं ठेवायचा यावर वाद घालत नाही, तसंच ते झालं. साहेब तर आकड्यावर फिदा होते. त्यांनी बादलीच्याच प्लास्टिकमधून पुरुषभर उंचीची हिरवी पाटी ओतून घेतली होती: 'आमच्या बादलीत ११२ टक्के पुनर्वापर!' ही पाटी लावायला एक हरित दालन हवं होतं आणि दालनाला खोली हवी होती. अहवालात चुराघराच्या नावापुढे शून्य होतं. तेव्हा सोमवारपासून चुराघर बंद, त्या जागी हरित दालन, असं ठरलं. जिथं जुन्या बादल्या दळल्या जात, तिथं आता जुन्या बादल्या दळण्याची चित्रं लागणार होती. एकोणीस वर्षं ती चक्की चालवणाऱ्या मावशींना हिरवा कोट घालून चित्रांकडे बोट दाखवायचं काम मिळणार होतं.

"बोट तरी कोणतं दाखवायचं ते कळवा म्हणावं," एवढंच मावशी बोलल्या होत्या. पण त्या दिवसापासून त्यांनी चक्कीला रोज दोनदा तेल द्यायला सुरुवात केली होती. माणूस सोडून जाणार असलं की आपण त्याला जरा जास्तच वाढतो, तसं.

शुक्रवारी तपासनीस येणार होता. त्यानं आकड्यावर शिक्का मारला तर शहरातल्या सगळ्या इस्पितळांना दोन वर्षं याच कारखान्याच्या बादल्या जाणार होत्या.

बुधवारी संध्याकाळी मोजणीबाईनं ही बातमी घरी कौतुकानं सांगितली. सासूबाई तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्या लसूण सोलत होत्या. त्यांचा हात थांबला.

"शंभरातले किती म्हणालीस?"

"एकशे बारा."

"अगं, माझ्या वर्गात कुणाला शंभरातले एकशे बारा मिळाले असते, तर मी आधी त्याला बाकावर उभं केलं असतं आणि मग पेपर तपासणाऱ्याला." त्यांनी पुढची पाकळी उचलली. "पेपर कुणी तपासला?"

"मीच, आई."

"मग जेवून घे आधी. उभं राहायचं नंतर बघू."

गुरुवारी सकाळी मोजणीबाई आकडा कुठून येतो ते बघायला मूळ वही घेऊन बसली. कारखान्यात एका विभागाला एकच वही मिळे. त्यामुळे मशीनवाले ती पुढून लिहीत आणि मावशी उलटी धरून मागून लिहीत. पुढच्या पानांवर एकच रकाना होता, 'परत', आणि त्याखाली किलो. कार्यालयात 'परत'चा अर्थ लोकांकडून वापरून परत आलेलं प्लास्टिक असा घेतला होता. तिनं वही उचलली आणि थेट मशीनपाशी गेली.

"हे 'परत' म्हणजे काय हो?"

मशीनवाल्यानं मशीनच्या पायथ्याशी पडलेल्या वाकड्या बादल्यांकडे हनुवटी उडवली. "हेच की. वाकडं निघालं, परत टाकलं."

"लोकांकडून आलेलं नाही?"

"लोकांकडे जायला आधी सरळ निघायला नको का?"

मशीन म्हातारी होती. हवा बदलली की हिचे सांधे धरत आणि दर तिसरी बादली कुशीवर वळून झोपल्यासारखी बाहेर येई. ती गोळा करून बाजूच्या छोट्या चक्कीत घालायची आणि पुन्हा मशीनमध्ये टाकायची. यात वाईट काही नव्हतं. पण स्वतःच्या ताटात पडलेला घास उचलून खाल्ला म्हणून कुणी अन्नदान केलं असं म्हणत नाही. आणि मशीनवाला इमानदार होता. जितक्यांदा वजन करी, तितक्यांदा लिही. गोळा केलं की एकदा, दळलं की एकदा, टाकलं की एकदा. शंभर किलोमागे सव्वासदतीस किलोचे एकशे बारा व्हायला एवढं पुरेसं होतं.

मोजणीबाईनं जुने अहवाल आठवले. गेल्या पावसाळ्यात मशीन महिनाभर बिघडली होती आणि त्याच महिन्यात साहेबांनी हिरवेपणाचा उच्चांक गाठल्याबद्दल सगळ्यांना अभिनंदनाचं पत्र दिलं होतं. मशीन जितकी बिघडेल, तितकी कंपनी हिरवी. पार मोडली असती, तर एखादं पदक आलं असतं.

तिनं 'परत'चा सगळा रकाना खोडला. खरी टक्केवारी उरली शून्य. चुराघर तर जाणारच होतं, आता त्याच्याबरोबर इस्पितळंही गेली. आणि हे सगळं तिच्या सहीखाली.

दुपारी ती चुराघरात जाऊन एका पोत्यावर बसली. मागच्या दारातून भंगारवाल्यांच्या गाड्या रिकाम्या होत होत्या. तडे गेलेल्या, बूड झिजलेल्या, रंग उडालेल्या बादल्या. मावशी एकेक उचलून पक्कडीनं तिची लोखंडी कडी काढत. कडी चक्कीत गेली तर पात्याचे तुकडे व्हायचे. कडी एका पिंपात, बादली धुवायच्या हौदात.

"शून्य आलं, मावशी," ती म्हणाली. "परत म्हणजे नुसतं वाकडं निघालेलं. ते धरता येत नाही."

"बरोबर आहे. परत ते परतच." मावशींनी आणखी एक कडी उपटली. "आणि माहेरवाशिणी कुठं मांडल्यात?"

"कोण?"

"माहेरवाशिणी. मागच्या पानांवर."

मोजणीबाईनं आठ महिन्यांत ती पानं पाहिली होती. 'माहेरवाशिणी १०४.' 'माहेरवाशिणी ९७.' तिला वाटलं होतं, मावशींचा घरगुती मामला असेल. खुद्द कार्यालयाचाही तोच समज होता. दोन वर्षांपूर्वी एक सूचनाही निघाली होती, की कामाच्या वेळेत नातेवाईक बायकांना आत आणू नये. एका घरात एका दिवसात एकशे चार माहेरवाशिणी येतात कशा आणि बसतात कुठं, हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता.

"मावशी, या माहेरवाशिणी म्हणजे..."

"ह्याच की." मावशींनी हौदाकडे हात केला. "इथं जन्मल्या, लोकांच्या घरी गेल्या, दहा-बारा वर्षं पाणी वाहिलं, थकून परत आल्या. त्यांना माहेरवाशीण नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? 'परत' लिहिणार होते, पण तो शब्द मशीनवाल्यानं घेतला होता."

मोजणीबाई पोत्यावरून उठली ती उड्या मारतच. दोघींनी मिळून वर्षाची बेरीज केली. एकतीस हजार चारशे बारा माहेरवाशिणी. वर्षभरात कारखान्यानं एक लाख बादल्या बनवल्या होत्या. म्हणजे एकतीस टक्के आणि वर थोडं चिल्लर. एकशे बारापुढे हा आकडा किरकोळ दिसत होता, पण त्याला हात लावला तर तो हाताला लागत होता.

साहेबांचा चेहरा आधी पडला, मग उजळला.

"एकतीस? बरं, मॅडम, असं करा. नव्या बादलीत जुनं घातलं म्हणून एकतीस धरा. आणि जुनी बादली उकिरड्यावर गेली नाही म्हणून आणखी एकतीस. झाले बासष्ट!"

"साहेब, प्लास्टिक एकच आहे. श्रेय एकदाच घेता येतं. एक तर जुन्या बादलीला द्या, नाहीतर नवीला."

"दोघींना दिलं तर कुणाचं काय जातं?"

दारात वही घेऊन उभ्या मावशी म्हणाल्या, "एकच पाहुणा दोन घरी जेवून गेला असं दोन्ही घरांनी सांगितलं, तर पाहुणे दोन होतात का, साहेब?"

साहेबांनी खिडकीबाहेर टेकवून ठेवलेल्या हिरव्या पाटीकडे पाहिलं. "उद्या तुमचा आकडा टिकला तर ठीक. नाही टिकला, तर सोमवारी भिंती रंगवायला माणसं येतायत."

तपासनीस शुक्रवारी दहाला आला. उंच, वाळकुडा, आणि गेल्या कित्येक दिवसांत कुणी खरं बोललेलं ऐकलं नसावं असा चेहरा. त्यानं अहवाल उघडला आणि पहिल्याच पानावर थांबला.

"एकतीस? एकशे एकतीस म्हणायचंय का?"

"नाही, एकतीस," मोजणीबाई म्हणाली.

"या आठवड्यातला शंभराखालचा पहिलाच." त्यानं पेनचं टोपण काढलं. "श्रेय कुठं धरलंय?"

"फक्त नव्या बादलीकडे. जुनीकडे शून्य."

त्यानं मान वर करून तिच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. मग मावशींची वही उलटीपालटी केली. "पण बाई, वहीत काय, कुणीही काहीही लिहील. या बादल्या खरंच वापरून आल्या, वाकड्या निघालेल्याच दळल्या नाहीत, हे कशावरून?"

साहेब भिंतीकडे बघू लागले. बहुधा रंग कुठला द्यायचा ते ठरवत असावेत. हा प्रश्न येणार हे मोजणीबाईला माहीत होतं आणि रात्रीत उत्तर काही सुचलं नव्हतं. तिची नजर मावशींच्या कमरेला खोचलेल्या पक्कडीवर गेली, आणि तिथंच थबकली.

"मावशी, कडी बादलीला कधी लागते?"

"मशीनमधून निघून पलीकडच्या खोलीत गेली की. सरळ असेल तरच. वाकडीला कडी कशाला लावतील?"

"आणि तुम्ही उपटलेल्या कड्या कुठं जातात?"

"लोखंडवाल्याकडे. तो त्याच्या काट्यावर वजन करून चिठ्ठी देतो. खिळ्याला लावल्यात सगळ्या."

तपासनीस उभा राहिला. चुराघरात दारामागे खिळ्याला वर्षभराच्या चिठ्ठ्या ओवलेल्या होत्या. परक्या माणसाच्या हातच्या, परक्या काट्यावरच्या. बेरीज दोन हजार सातशे नव्वद किलो. तपासनिसानं पिंपातल्या वीस कड्या उचलून तोलल्या. एक कडी नव्वद ग्रॅम भरली. त्यानं भागाकार केला.

"एकतीस हजार. वहीत आहेत एकतीस हजार चारशे बारा." त्यानं चष्मा वर केला. "चारशे बारा कड्या कमी आहेत."

साहेबांनी उसासा टाकला. मावशींनी वही ओढून घेतली.

"हे बारीक 'सु' दिसतंय का? सुतळी. लोक काय करतात, कडी तुटली की सुतळी बांधून आणखी दोन वर्षं काढतात. तिला कडी कुठून आणू मी?"

तपासनीस पोत्यावर बसला आणि 'सु' मोजू लागला. मोजणीबाई दुसऱ्या टोकाकडून मोजू लागली. पाऊण तासानं दोघं मध्ये भेटले.

"चारशे नऊ," तो म्हणाला. "तीनचा फरक काट्याच्या चुकीत बसतो. चालेल."

"चूक काट्याची नाही," मावशी म्हणाल्या. "तीन मी घरी नेल्यात. दोन न्हाणीघराच्या पडद्याला, आणि एक नातीला हवी होती, ती हातात धरून गाडी गाडी खेळते."

तपासनिसाच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. बऱ्याच दिवसांनी वापरात आल्यामुळे ते हसू आहे हे कळायला सगळ्यांना जरा वेळ लागला. त्यानं शेऱ्यात लिहिलं, 'एकतीस टक्के. कडीन्‌कडी जुळली,' आणि शिक्का इतक्या जोरात मारला की हौदातलं पाणी डुचमळलं.

बातमी मशीनपर्यंत पोचली तेव्हा मशीनवाल्यानं शिट्टी मारली, आणि म्हातारीनं त्या खुशीत लागोपाठ अकरा बादल्या सरळ काढल्या. इस्पितळांचं पत्र पुढच्याच आठवड्यात आलं. त्यात चुराघर चालू राहिलं पाहिजे अशी अटच होती. साहेबांनी ते पत्र चारचौघांत मोठ्यांदा वाचलं, आणि आपण सुरुवातीपासून हेच म्हणत होतो अशा आवाजात. रंगारी आलेच होते, म्हणून चुराघराच्या भिंतींना नवा रंग मिळाला. हिरवा कोट मावशींनी चक्कीवर झाकण म्हणून घातला. बरोब्बर बसला.

घरी सासूबाईंनी एकतीसचा आकडा ऐकला आणि मान डोलावली. "शंभरात एकतीस म्हणजे नापासच की गं."

"हो आई. पण पहिला नंबर आला."

"मग हरकत नाही," सासूबाई म्हणाल्या, आणि मोरीतली सोळा वर्षांची, सुतळी बांधलेली बादली तिच्यापुढे ठेवली. "ही घेऊन जा उद्या. हिचंही माहेर तेच."

दुसऱ्या दिवशी मोजणीबाई ती बादली घेऊन चुराघरात गेली, तेव्हा मावशी करवतीनं पुरुषभर उंचीच्या हिरव्या पाटीचे तुकडे करत होत्या. बादली त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, वहीत एक लिहिला, पुढे बारीक 'सु' काढलं. मग 'टक्के' हा शब्द चक्कीत लोटला. तो करकरत आत गेला. त्यामागून 'पुनर्वापर' गेला. शेवटी ११२ हातात राहिला, तेव्हा त्या थांबल्या.

"बाई, ही पाटी कुठं लिहू? माहेरवाशीण, का परत?"

मोजणीबाईनं त्या आकड्याला बोटानं टिचकी मारली.

"परत," ती म्हणाली. "उंबऱ्याबाहेर पडलीच नाही बिचारी. आणि मावशी, एकदाच लिहा."